आधी पाण्याला वाट द्या

पावसाळा आला की मळ्यात घर असणाऱ्या प्रत्येकाला एकच घोर लागतो, हमरस्त्यापासून दारापर्यंतच्या कच्च्या वाटेचा. आमची वाट चार घरांची, खासगी. त्यामुळे दुरुस्तीही आमचीच. तीन वर्षे दर मे महिन्यात वर्गणी काढून आम्ही खड्ड्यांत मुरूम ओतला आणि गणपतीपर्यंत तो वाहून गेला. गेल्या पावसाळ्यात एका रात्री सासूबाईंना दम लागला. रिक्षा फाट्यावरच थांबली. त्यांना खुर्चीत बसवून चिखलातून न्यावे लागले, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

शेजारचे अण्णा म्हणाले, "मोदल नीरिगे दारी कोड्री, आमेल गाडीगे!" आधी पाण्याला वाट द्या, मग गाडीला. सारे मर्म त्यातच आहे.

पहिले काम बिनपैशाचे. भर पावसात छत्री घेऊन वाटेवरून चाला. पाणी कुठून शिरते, कुठे साचते, चाकोरीतून कुठे धावते ते पाहून खुंट्या ठोका. मग कडेने चर काढा. इथेच आमच्यात भांडण झाले. चराचे पाणी आपल्या भातात नको, असे चौथे घर म्हणाले आणि त्यांचे बरोबरच होते. शेवटी बांधाच्या कडेने चर थेट ओढ्यापर्यंत नेला. दोन दिवसांचे श्रम वाढले, पण मने राखली.

दुसरे, वाट मधोमध उंच हवी. दहा फुटी वाटेला दोन-अडीच इंचांचा उंचवटा पुरतो. पाणी दोन्हीकडे ओघळते.

खड्डा नुसता भरू नका. चिखल काढून तो घट्ट जमिनीपर्यंत खणा, कडा सरळ करा. मग ओलसर मुरूम तीन-तीन इंचांच्या थरांनी घालून धुम्मसाने ठोका. मूठभर ओला मुरूम दाबल्यावर गोळा टिकला, तर तो चांगला बसेल. खानापूरकडच्या तांबड्या मातीत एवढे पुरते. काळ्या मातीत मात्र दगड थेट टाकले तर ते खाली रुततात. आधी मुरमाचा थर, मग दगड, वर पुन्हा मुरूम असे करावे.

पाणी वाट ओलांडते तिथे महागडा पाइप नको. उथळ खोलगट भाग करून दगड उभे, घट्ट बसवा.

हे सारे दसऱ्यानंतर करावे. जमिनीत ओल असते, मुरूम नीट बसतो, शिंपायला टँकर लागत नाही.

यंदा आमच्याकडे मुरूम निम्माच लागला. मोठ्या सरीनंतर कोणीतरी खोरे घेऊन चर मोकळा करतो आणि वाट वाळेपर्यंत ट्रॅक्टर बाहेरच थांबतो, एवढाच नियम. सासूबाईंना तपासणीला न्यायला रिक्षा आता अंगणात येते.