काळ्या पट्ट्या राहू द्या

मोठा टीव्ही घरात आला की पहिली तक्रार ठरलेली: चित्र पडदाभर का येत नाही? मग कुणीतरी रिमोटवर ‘फुल’ नाहीतर ‘झूम’ दाबतं, काळ्या पट्ट्या जातात आणि पैसे वसूल झाल्याचं समाधान मिळतं. पट्ट्यांबरोबर आणखी काय गेलं, याची चौकशी कुणी करत नाही.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. त्या काळची चौकट ४:३च्या आसपासची, आजचा टीव्ही १६:९. ‘फुल’ केलं की विष्णुपंत पागनीसांचा चेहरा उंची तेवढीच ठेवून एक तृतीयांशाने रुंदावतो आणि संसाराने गांजलेले तुकोबा चांगले बाळसेदार दिसतात. ‘झूम’ केलं तर चेहरा शाबूत, पण उंचीतला पाव भाग गायब. कुणाचं पागोटं जातं, कुणाचे पाय.

‘कागज के फूल’ची (१९५९) अडचण उलटी. भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. पडदा उंचीच्या सव्वादोन पटींहून रुंद. त्यातल्या एका गाण्यासाठी छायालेखक व्ही. के. मूर्तींनी मोठ्या आरशांवरून ऊन वळवून रिकाम्या स्टुडिओत उजेडाचा झोत आणला. गुरुदत्त एकीकडे, वहिदा रेहमान दुसरीकडे. मधलं अंतर हाच त्या गाण्याचा विषय. जुन्या ४:३ टीव्हीवर असं चित्र पडदाभर करायचं तर रुंदीतलं चाळीस टक्क्यांहून जास्त कापावं लागे. मग दोघांतलं एक कोणीतरी ठेवायचं, नाहीतर चौकट इकडून तिकडे सरकवायची, म्हणजे दिग्दर्शकाने न हलवलेला कॅमेराही हलल्यासारखा वाटतो. अंतर मात्र उरत नाही.

कानांचीही सुटका नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्या दूरदर्शनने १९८२मध्ये रंग आणले ते ‘पाल’ पद्धतीचे, सेकंदाला २५ चौकटींचे. सोपा उपाय म्हणजे चित्रपटच किंचित जोरात पळवायचा. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि आवाज चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनकडे सरकतं, पण तिथवर पोचत नाही. पेटी घेऊन टीव्हीबरोबर गायला बसलेल्याची पंचाईत!

नव्या टीव्हीत आणखी एक आगाऊपणा असतो. दोन चौकटींच्या मधल्या चौकटी तो स्वतःच बनवतो, मग भव्य चित्रपटही दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. टॉम क्रूझने २०१८मध्ये खास व्हिडिओ काढून हे बंद करायला सांगितलं होतं. सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचं जे काही सापडेल ते बंद करा.

एवढं घरी जमतं. वाहिनीनेच कापून पाठवलेलं चित्र मात्र कुठल्याही रिमोटने परत येत नाही. अमेरिकेत कॅसेटच्या जमान्यातसुद्धा ‘चित्रपट तुमच्या पडद्याच्या मापात बसवला आहे’ अशी सूचना सुरुवातीला येत असे. नायकाने सिगारेट पेटवली की न चुकता पाटी लावणाऱ्या आपल्या वाहिन्यांनी एवढी एक पाटी आणखी लावायला काय हरकत आहे?