श्टुटगार्टमधलं नातं आणि पुण्यात फिरणारा बायोडेटा

जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मराठी मुलामुलींना सल्ल्यांची वाण नसते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो कसे दाखवायचे, आरोग्यविमा कुठला घ्यायचा, मॅक्सम्युलर भवनातल्या किती परीक्षा देऊन निघायचं, कुकर बॅगेत कसा बसवायचा, सगळं कुणी ना कुणी सांगतं. तिथल्या माणसांशी ओळख कशी वाढवायची आणि त्या ओळखीतून कुणी आवडलं तर कसं वागायचं, याबद्दल मात्र घरात अवाक्षर निघत नाही. निघालंच तर एवढंच की, “तिकडचं काही आणू नकोस.” हा विषय असा झटकून टाकण्याइतका लहान राहिलेला नाही. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट यांचं भगिनी-शहरांचं नातं १९६८ पासूनचं. २०२४ मध्ये तर महाराष्ट्र शासनाने त्याच शहराच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. विशी-तिशीतली माणसं हजारोंनी परक्या गावात राहायला जाणार असतील तर त्यांतली काही तिथल्या कुणाच्या तरी प्रेमात पडणारच. त्या वेळी समोरच्या माणसाशी आदराने वागायचं म्हणजे नेमकं काय, हे निघण्यापूर्वीच बोललं गेलं पाहिजे.

आदर म्हटलं की आपल्याला शिष्टाचार आठवतो. वेळेवर पोहोचावं, बिल कुणी द्यायचं ते आधी विचारावं, फुलं न्यावीत की नाही ते पाहावं. या गोष्टी पंधरवड्यात शिकता येतात आणि चुकल्या तरी कुणाचं फारसं बिघडत नाही. माझ्या मते आदराची कसोटी वेगळी आहे. समोरच्या व्यक्तीला तुमच्याबद्दल निर्णय घ्यायचा आहे. त्यासाठी लागणारी माहिती तिला वेळेवर आणि पुरी मिळते का, आणि तिने घेतलेला निर्णय तुम्ही मान्य करता का, हे दोनच प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

ओळख कुठे करायची, याचंही उत्तर या कसोटीतून मिळतं. जर्मन माणसं थंड असतात, त्यांच्यात शिरताच येत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. पण जर्मनीत नोंदणीकृत मंडळं सहा लाखांच्या घरात आहेत. सात सभासद जमले की मंडळ नोंदवता येतं. तिथे त्याला फेराइन म्हणतात. गाण्याचं, बुद्धिबळाचं, बागकामाचं, अग्निशमनाच्या स्वयंसेवेचं, अशी नाना प्रकारची मंडळं असतात. म्युनिकमध्ये १८६९ साली स्थापन झालेल्या गिर्यारोहण मंडळाचे सभासद आज चौदा लाखांच्या वर आहेत. सह्याद्रीत भटकलेल्या मुलामुलींना तिथे परकं वाटण्याचं कारण नाही. गावातल्या एखाद्या बॅडमिंटन मंडळात काय घडतं ते पाहावं. आठवड्यातून एका संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये सगळे जमतात, खांब उभे करून जाळी ताणतात, दोन तास खेळतात, जाळी उतरवून गुंडाळतात आणि मग काही जण कोपऱ्यावरच्या पबमध्ये बसतात. उन्हाळ्यातल्या स्नेहमेळाव्याआधी भिंतीवर कागद लागतो: सॅलड कोण आणणार, केक कोण करणार, आवराआवरीला कोण थांबणार. त्यात आवराआवरीच्या रकान्यात नाव लिहिणाऱ्या आणि खरंच थांबणाऱ्या माणसाबद्दल बाकीच्यांना बरंच काही कळतं. तो हरल्यावर कसा वागतो, वयस्कर सभासदांशी कसा बोलतो, बायकांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालतो का, हे सगळं त्यांना कुणी काही न मागता दिसत राहतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपवर मात्र तीन फोटो आणि चार ओळींवर कौल मागितला जातो. अ‍ॅप वापरू नये असं माझं म्हणणं नाही, कित्येक चांगली नाती तिथे जुळतात. परदेशातून नुकत्याच आलेल्या माणसाला मात्र अनेक महिन्यांच्या साध्या सहवासाचा उपयोग जास्त होतो. अर्थात मंडळात जायचं ते खेळायला किंवा गायला. तिथल्या प्रत्येक बाईकडे संभाव्य जोडीदार म्हणून पाहणारा माणूस दुसऱ्याच आठवड्यात ओळखला जातो, आणि ते योग्यच आहे.

आता दुसरा प्रश्न, निर्णय मान्य करण्याचा. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मन फौजदारी कायद्यातलं कलम १७७ बदललं. त्याआधी लैंगिक जबरदस्तीच्या गुन्ह्यात साधारणपणे बळ किंवा धमकी सिद्ध करावी लागे. आता समोरच्या व्यक्तीची नाराजी ओळखता येण्याजोगी होती, एवढं पुरतं. स्वीडनने २०१८ मध्ये आणखी पुढे जाऊन स्वेच्छेचा सहभाग हाच निकष धरला. पाठलाग हा जर्मनीत २००७ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. यावर एक बचाव नेहमी येतो: आमच्या संस्कृतीत, आमच्या सिनेमांत नायक मागे लागतो, नकारानंतरही प्रयत्न सोडत नाही, आमच्या मुलांना तेच माहीत. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या एका न्यायालयात पाठलागाचा आरोप असलेल्या भारतीय तरुणासाठी वकिलाने हाच युक्तिवाद केला आणि त्या तरुणाची शिक्षा टळलीही. मला तो युक्तिवाद लाजिरवाणा वाटतो. भारतातही २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा गुन्हा ठरला आहे. म्हणजे जे इथल्या मुलींनी मागून मिळवलं, ते तिथे ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणून नाकारायचं, असा हा प्रकार आहे. एका संदेशाला उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून देणं समजू शकतं. त्यानंतरची शांतता हेच उत्तर असतं.

इथे एक आक्षेप मनापासून ऐकून घ्यायला हवा. गव्हाळ किंवा सावळ्या रंगाच्या माणसाला नकार जास्त येतात, त्यातले काही उघड वर्णद्वेषातून येतात, आणि सभ्य माणसालाही संशयाच्या नजरा झेलाव्या लागतात. कोलोनमध्ये २०१५ च्या वर्षअखेरीच्या रात्री बायकांवर झालेल्या हल्ल्यांनंतर ही नजर आणखी कडक झाली. हे अन्यायकारक आहे आणि सोसणाऱ्याला खोलवर लागतं. घर किंवा नोकरी नाकारली तर तिथे २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे, त्याचा आधार जरूर घ्यावा. पण प्रेम कुणाकडून वसूल करता येत नाही. नकार देणारीच्या मनात काय होतं, हे तपासण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. ज्या माणसांनी आपल्याला वर्षभर पाहिलेलं असतं, त्यांच्यात मात्र रंगावरून बांधलेले अंदाज कमी पडत जातात.

सगळ्यात मोठी फसवणूक होते ती माहितीच्या बाबतीत, आणि ती करणारी मुलं बाकी सगळ्या बाबतींत सुस्वभावी असतात. एका मुलाचं तिथल्या बाईशी दोन वर्षांचं नातं असतं, एकाच स्वयंपाकघरात दोघांचे डबे असतात. रविवारी दुपारी पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो तेव्हा ती खुर्ची कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर सरकवते, कारण त्याने तसं सांगितलेलं असतं. फोनवर आई व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या बायोडेटाबद्दल बोलत असते: उंची, गोत्र, पॅकेज, पत्रिका जुळते. जोडीदाराला मराठी कळत नाही, म्हणून तिला काहीच कळत नाही. डिसेंबरात तो सुट्टीवर जातो आणि साखरपुडा करून परततो. त्या बाईने दोन वर्षं एका नात्याबद्दल निर्णय घेतले आणि त्यातली मुख्य गोष्ट तिच्यापासून लपवलेली होती. इकडे ज्या मुलीशी साखरपुडा झाला, तिचीही तीच गत. हे मुलीही करतात. त्यांच्यावर घरचा धाक अधिक असतो, काहींना खरोखर धोका असतो, आणि त्यांच्याबद्दल बोलताना मी आवाज खाली आणीन. समलिंगी मुलामुलींची अडचण तर आणखी बिकट आहे. जर्मनीत २०१७ पासून त्यांना लग्न करता येतं, इथे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती मान्यता द्यायला नकार दिला. त्यांनी घरी काय आणि कधी सांगावं, हे ठरवणारे आपण कोण? पण घरी न सांगणं आणि जोडीदाराला न सांगणं यांत फरक आहे. “माझ्या घरी हे चालणार नाही, आणि त्यांच्याविरुद्ध जाण्याची माझी तयारी आहे की नाही हे मला आज ठाऊक नाही,” हे वाक्य पहिल्या दोन-तीन महिन्यांत म्हणता येतं. स्वतःचा गोंधळ हीसुद्धा माहितीच आहे. ती ऐकून समोरची व्यक्ती थांबेल किंवा जाईल, पण ते तिने ठरवलेलं असेल.

“तिथले लोक कुठे एवढे मनाला लावून घेतात?” असं उत्तर यावर मिळतं. ते ऐकलं की मला संताप येतो. जर्मनीत जवळपास एक तृतीयांश मुलं लग्न न केलेल्या आईबापांच्या पोटी जन्मतात. नोंदणी नसली तरी त्या घरांत कर्ज फेडलं जातं, आजारपणं काढली जातात, मुलं वाढवली जातात. मंगळसूत्र नाही म्हणजे बांधिलकी नाही, असं गृहीत धरून एखाद्या बाईशी वागणं हा तिचा अपमान आहे, मग तिच्यासाठी दारं किती का उघडून धरेनात.

आणि नातं टिकलंच, तर पुढे कागदपत्रं येतात. जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, त्यांची पडताळणी, भाषांतरं, यांत इतका वेळ जातो की कित्येक जोडपी सुटसुटीत पद्धतीसाठी डेन्मार्कमध्ये जाऊन लग्न करतात. यांतले काही कागद आपल्या गावातूनच काढावे लागतात आणि ते बहुधा आईवडिलांनाच काढावे लागतात. म्हणून घरच्यांकडेही माझं एक मागणं आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडे असताना त्यांचा बायोडेटा वधू-वर सूचक मंडळांत आणि नातेवाइकांत फिरवण्याआधी त्यांना सरळ विचारा की तिथे कुणी आहे का, आणि उत्तर ‘हो’ आलं तर तिचं किंवा त्याचं नाव विचारा.