मागे फिरायचा दिवस आधीच ठरवा

मे महिन्यात परीक्षा संपल्या की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिमालयातल्या ट्रेकची पोस्टर्स फिरायला लागतात. केदारकांठा, हंप्ता यांच्या रांगेत आता 'पिन पार्वती' हे नावही सहज दिसतं. नाव गोड, फोटो तर विचारूच नका. म्हणूनच पैसे भरायच्या आधी ही खिंड काय चीज आहे, ते समजून घ्यायला हवं.

पिन पार्वती ही हिमाचलमधली खिंड, उंची ५,३१९ मीटर. अलीकडे कुल्लूतलं पार्वती नदीचं हिरवंगार खोरं, पलीकडे स्पितीतलं पिन नदीचं कोरडं, उघडंबोडकं खोरं. एका बाजूचं पाणी पार्वतीतून बियासला मिळतं, दुसऱ्या बाजूचं पिन आणि स्पितीतून सतलजला. हे पाणी पुन्हा भेटतं ते थेट पंजाबात, हरिके इथे. ट्रेकर मात्र एका सकाळीच या खोऱ्यातून त्या खोऱ्यात उतरतो. भारी वाटतं ना? आहेच भारी.

पण बर्शेणीहून निघाल्यावर खीरगंगेपर्यंत जी गर्दी असते, ती पुढे विरळ होते. पांडुपूल ओलांडून मानतलाई तलाव गाठेपर्यंत निदान मेंढपाळांच्या पायांनी मळलेली वाट आहे. त्यानंतर वाटच संपते. दगडगोट्यांचे ढिगारे, हिमनदी आणि बर्फाने झाकलेल्या खोल भेगा. सह्याद्रीत वाट चुकली तर एखादा धनगरवाडा गाठून विचारता येतं. इथे विचारणार कोणाला? 'मोबाइलमध्ये जीपीएक्स फाइल आहे की' असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की हिमनदी सरकत असते. गेल्या वर्षी कोणी जिथून चालत गेलं, तिथे यंदा भेग असू शकते. फाइल दिशा सांगेल, पायाखालचं सांगणार नाही. ते सांगायला दोर बांधून पुढे चालणारा जाणकार माणूसच लागतो.

शिखर आणि खिंड यांच्यात एक मोठा फरक आहे. शिखरावर गेलेला माणूस बहुतेक वेळा त्याच वाटेने खाली येतो. खिंडीत आपल्याला पलीकडे उतरायचं असतं. गाडी मूद गावात थांबलेली, परतीचं रेल्वे तिकीट काढलेलं, शिधा मोजून घेतलेला. मानतलाईला हवा बिघडली तर मागे बर्शेणीपर्यंत पुन्हा काही दिवसांची चाल. मग ग्रुपमधला कोणीतरी म्हणतोच, "एवढं आलोय, आता एकच दिवस राहिलाय." या एका वाक्याची भीती वाटायला हवी.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्षिलहून चितकुलला निघालेला एक गट लमखागा खिंडीच्या परिसरात बर्फाच्या वादळात सापडला. शोधासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर्स गेली, तरीही त्यातले बहुतेक जण परतले नाहीत. त्या गटाचं काय चुकलं, हे इथे बसून ठरवणं योग्य नाही. पण अशा जागी मदत पोहोचायला किती वेळ लागतो, एवढं तरी त्यातून शिकायला हवं. सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवानगीशिवाय वापरता येत नाही. म्हणजे बरेचदा निरोप द्यायलाही कोणीतरी चालतच खाली जायचं.

मग जायचंच नाही का? जरूर जायचं. पण थेट इथून सुरुवात नको. आधी मळलेल्या वाटांच्या खिंडी करा, उंचीवर आपलं शरीर कसं वागतं ते बघा. जमल्यास उत्तरकाशी किंवा मनालीच्या संस्थेतून बेसिक कोर्स करा. आणि पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. लीडरने हिमनदीवरचं प्रशिक्षण कुठे घेतलंय? हवा बिघडली तर राखीव दिवस किती आणि मागे फिरलो तर पैशांचं काय? आपलं सामान वाहणाऱ्या पोर्टरना विमा, बूट आणि गरम कपडे मिळतात का? तिसऱ्या प्रश्नावर जो चाचरतो, तो आपल्या जिवाचीही फार काळजी करत नसणार.

कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपनी आणखी एक करावं. निघायच्या आधीच, घरच्या उबेत बसून, मागे फिरायचा दिवस आणि वेळ कागदावर लिहावी आणि सगळ्यांनी खाली सह्या कराव्यात. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. थकलेलं, दमलेलं डोकं तिथे चांगले निर्णय घेत नाही. तो निर्णय आपण शुद्धीत असतानाच घेऊन ठेवलेला बरा.

आणि मागे फिरून आलेल्या मित्राला 'फाटली का रे?' असं विचारणं आता तरी बंद करूया. त्या एका प्रश्नाच्या धास्तीने कोणीतरी नको ते पाऊल पुढे टाकतं.