माळावर खड्डे खणू नका

जून उजाडला की फोनवर रोपांचे फोटो सुरू होतात. हातात कुदळ, मागे उघडा माळ आणि खाली ओळ : 'हवामानबदलाशी लढूया.' लढाई खरी आहे, पण कुदळ भलत्याच ठिकाणी चालते आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत पसरलेले माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली उजाड जमीन, असं आपण धरून चालतो. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातले आणि ओव्यांमधले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून २०२५ साली दाखवून दिलं, की पश्चिम महाराष्ट्रातली ही विरळ झाडांची गवताळ भूमी शेकडो वर्षांपासून अशीच आहे.

महसूल खात्याला मात्र गवत दिसत नाही. इंग्रजांनी सारा न देणारी जमीन 'पडीक' ठरवली आणि आपण तो शब्द जपून ठेवला. एकदा पडीक म्हटलं की ती 'सुधारायला' कोण हरकत घेणार? २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं. एवढ्या खड्ड्यांना मोकळी जागा लागते आणि हाताशी माळच सापडतो. तिथे मध्य अमेरिकेतला गिरिपुष्प उभा केला की अहवाल हिरवा होतो.

माळढोकाला त्या हिरव्याचा काय उपयोग? तो बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. धोका दुरून दिसावा म्हणून त्याला मोकळं रान लागतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आज तिथे तो दिसला तर बातमी होते. शिकार, नांगर आणि विजेच्या तारांनी त्याला संपवत आणलंच आहे, त्यात वृक्षारोपणाची भर कशाला? तणमोर, धाविक, खोकड, लांडगा यांचंही घर हेच. आणि रोपवनाला कुंपण पडलं की धनगरांच्या मेंढ्यांची चराई बंद.

'पण झाडं कार्बन शोषतात ना?' शोषतात. गवतही शोषतं, फक्त साठा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत ठेवतं. वणव्यात झाड जळलं की त्यातला कार्बन धुरात जातो. गवताचं पातं जळतं, पण खालचा बहुतेक साठा टिकतो आणि पहिल्या पावसात माळ पुन्हा फुटतो. पाऊस बेभरवशाचा होत असताना हा चिवटपणा आपल्याला हवा आहे. आपण नेमकी तीच माती खणून काढतो.

धूर गाड्यांचा आणि कोळशाच्या विजेचा; प्रायश्चित्त माळाने का घ्यायचं?

झाडं लावा, जिथे ती तोडली गेली तिथे लावा. सरकारी नकाशातून माळावरचा 'पडीक' शिक्का काढायला लावा. आणि यंदा कुणी हातात रोप दिलं, तर खड्डा खणण्याआधी एवढंच विचारा : इथे आत्ता काय उगवतंय?