वर्ग कुठे भरणार, हे कोण सांगणार?

मंगळवारी सकाळी आठचं लेक्चर ३०२ मध्ये. बुधवारी तेच लेक्चर दोन मजले वर. शुक्रवारी सर आलेच नाहीत आणि सगळा वर्ग कॅन्टीनला गेला. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलांना याची मौज वाटते. स्वमग्न मुलाच्या पायाखालची जमीन मात्र इथेच सरकते. दहा वर्षं त्याचा दिवस शाळेच्या घंटेवर चाललेला असतो. तोच वर्ग, ठरलेला बाक, ओळखीच्या बाई आणि काही बिनसलं तर आईला जाणारा फोन. हे सगळं एका दिवसात नाहीसं होतं आणि नेमकं त्याच दिवशी त्याला सांगितलं जातं, ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ.’

अशा मुलाच्या कॉलेजचा विषय निघाला, की बोलणं परीक्षेच्या सवलतींपाशी येऊन थांबतं. त्या मोलाच्या आहेतच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत निदान ५ टक्के जागा राखीव असतात आणि कमाल वयात पाच वर्षांची सूट मिळते. लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पुरता एक तास. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही एवढ्याच कारणासाठी गरजू परीक्षार्थीला लेखनिक नाकारता येणार नाही.

पण कागदावरचा तास हातात पडायला समोरचा माणूस जाणता लागतो. त्याच वर्षी ‘नीट’ला बसलेल्या मुंबईतल्या एका विद्यार्थिनीला डिस्ग्राफिया होता, म्हणजे लिहिण्यातच अडचण. जादा तासाचा हक्क असूनही तिचा पेपर वेळेआधी काढून घेतला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. परीक्षा केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना अशा हक्कांचं नियमित प्रशिक्षण द्या, असं न्यायालयाला नोव्हेंबरमध्ये बजावावं लागलं. फेरपरीक्षा मात्र तिला मिळाली नाही. पर्यवेक्षकाला नियम ठाऊक नव्हता आणि किंमत मुलीने मोजली.

शिवाय परीक्षा वर्षातले मोजके दिवस असतात. उरलेल्या दिवसांचा विचार कोणी करायचा? शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गातला गोंगाट, फडफडणारी ट्यूबलाइट, ‘चार-चारचे गट करा’ असं सांगून निघून जाणाऱ्या मॅडम, प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत डोळ्याला डोळा भिडवत नाही म्हणून ‘अभ्यास झालेला नाही’ असा निघणारा निष्कर्ष. खरं तर ‘स्वमग्न’ हा शब्दच थोडी दिशाभूल करतो. स्वतःत बुडालेला, बाहेरचं भान नसलेला, असं चित्र त्यातून उभं राहतं. यातल्या अनेक मुलांना बाहेरचं जग इतरांपेक्षा जास्त ऐकू येतं, जास्त टोचतं. वर्गाबाहेर जाऊन पाच मिनिटं शांत बसायची मुभा त्यांच्यासाठी एखाद्या गुणसवलतीइतकीच मोलाची असते.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांना हे जमणार नाही, असं म्हणायला आधार नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात अंध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून स्वतंत्र केंद्र चालतं. अंध मुलाला पुस्तक वाचता यायला काय लागतं, हे कोणीतरी नीट बसून समजून घेतलं, म्हणून ते उभं राहिलं. तसंच बसणं आता स्वमग्न मुलांसाठी हवं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या मार्शल विद्यापीठाने २००२ पासून स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी मदतीचा कार्यक्रम चालवला आहे. त्यात अभ्यासाइतकंच लक्ष वेळेच्या आखणीकडे आणि रोजच्या राहण्याकडे असतं. आपल्याकडे एवढा डोलारा नसला तरी चालेल. वर्ग बदलल्याचा मेसेज आदल्या संध्याकाळी पाठवायला आणि ‘अडलं तर यांच्याकडे जा’ असं एका शिक्षकाचं नाव द्यायला अनुदान लागत नाही.

शिक्षक काय करू शकतो, हे स्वमग्न असलेल्या अमेरिकी टेम्पल ग्रँडिन यांच्या गोष्टीत दिसतं. शाळकरी वयात त्यांनी अ‍ॅरिझोनातल्या मावशीच्या रँचवर गुरांना आवळून धरणारा पिंजरा पाहिला. घट्ट दाब मिळाला की आपली अस्वस्थता शमते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. अनेकांना तो विक्षिप्तपणा वाटला, ते यंत्र काढून टाकावं असंही सुचवलं गेलं. विज्ञानाचे शिक्षक विल्यम कार्लॉक यांनी मात्र तोच धागा पकडला. दाबाने शांत का वाटतं, हे शोधायचं तर शोधनिबंध वाचायला हवेत, असं सांगून त्यांनी तिला ग्रंथालयाची वाट दाखवली. १९७० मध्ये ती मुलगी मानसशास्त्राची पदवीधर झाली, १९८९ मध्ये पशुविज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे गुरांच्या हाताळणीतली जगप्रसिद्ध तज्ज्ञ ठरली. आगगाड्यांच्या वेळापत्रकाचं किंवा नकाशांचं वेड असलेल्या आपल्या घरातल्या मुलाला ‘पुरे झालं ते’ म्हणण्याआधी कार्लॉक सर आठवायला हवेत.

घरच्यांच्या वाट्याला येतं ते जास्त अवघड. दहा वर्षं शाळेत मुलाच्या वतीने आई बोलत आलेली असते. कॉलेजच्या खिडकीवर क्लार्क म्हणतो, ‘विद्यार्थ्याला पाठवा.’ म्हणून आठवी-नववीपासूनच त्याला त्याचं निदान त्याच्या शब्दांत कळायला हवं. ‘मला सूचना लेखी मिळाल्या तर बरं पडतं,’ हे एक वाक्य स्वतः म्हणता येणं, त्याचा सराव होणं. बोलता येत नसेल तर तेच छापील कार्डावर खिशात असणं.

निकाल आणि कॉलेजचा पहिला दिवस यांच्यामध्ये काही आठवडे मिळतात. पालक तेव्हा अर्ज आणि दाखल्यांच्या मागे असतात, ते सुटत नाही. त्यातल्याच एका रविवारी रिकाम्या लोकलने कॉलेजपर्यंत जाऊन यावं, मग एकदा गर्दीच्या वेळी. प्राचार्यांनी त्या आठवड्यांत फाटक उघडं ठेवावं, शिपायाला सांगून ठेवावं आणि या मुलांना मोकळ्या इमारतीत हिंडू द्यावं. जिना कुठे, स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठे, डबा खायला शांत जागा कुठली, हे त्यांना गर्दी यायच्या आत पाहून घेऊ द्यावं.