मत द्या, दाम घ्या

मत देण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसे फार उदार आहोत. चिवड्यात मीठ कमी पडले इथपासून तो परराष्ट्रमंत्र्यांनी काल काय बोलायला हवे होते इथपर्यंत, कोणी विचारो न विचारो, आपले मत तयार असते. आणि त्याचा एक पैसाही आपण कधी मागत नाही. या फुकट वाटायच्या वस्तूला बाजारात भाव आला आहे असे कोणी सांगितले, तर प्रथम विश्वास बसत नाही. आणि एकदा बसला, की नको तितका बसतो. यंदाच्या दिवाळीत या सदरात बोलायचे आहे ते या मतांच्या बाजाराविषयी. कारण धरमपेठेत जा की नंदनवनात, फराळाच्या ताटावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "घरबसल्या मोबाइलवर रेटिंग करून पैसे मिळतात म्हणे, खरं काय हो?"

खरे आहे, आणि खोटेही आहे. आमच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग वेगवेगळे लावतात, तसे खरे आणि खोटे यांचे दोन ढीग आधी लावले पाहिजेत. एकमेकांत मिसळले, की गिऱ्हाईक फसलेच म्हणून समजा.

मत देऊन चार पैसे मिळवणे हे नागपूरला नवे नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या, की शिक्षकांच्या वाट्याला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येत. बाहेर ऊन रणरणत असे, आत कूलरची घरघर आणि त्यापुढे लाल शाई. दर पेपरामागे मिळणारी रक्कम अगदी किरकोळ. पण मुलांची नव्या वर्गाची पुस्तके तीतून निघत. या कामाला शिस्त होती. नमुना उत्तरे हाती असत, आणि तपासलेले पेपर पुन्हा तपासायला वर नियामक बसलेला असे. गुरुजींना उत्तर आवडले की नाही, हा प्रश्नच नव्हता. ठरलेल्या मापात ते किती बसते, एवढेच सांगायचे.

पुढे काही ठिकाणी गठ्ठे जाऊन पडदा आला. मुंबई विद्यापीठाने 2017 साली लाखो उत्तरपत्रिकांची छायाचित्रे काढून त्या संगणकावर तपासायला दिल्या. निकाल इतके रखडले, की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. यंत्र कितीही वेगवान असले तरी मत बनायला माणसाला लागायचा तो वेळ लागतोच, हे त्या प्रकरणात पुष्कळांच्या ध्यानात आले.

आज परदेशी कंपन्यांसाठी घरी बसून जे काम चालते, त्याचा सांगाडा पेपरतपासणीचाच आहे. गूगलचेच उदाहरण घ्या. आपण काही शोधले, की ते दहा दुवे पुढे करते. ते दुवे बरे की वाईट हे पाहण्यासाठी जगभर सुमारे 16,000 माणसे कामाला असल्याचे गूगलने स्वतःच सांगितले आहे. ही माणसे गूगलच्या नोकरीत नसतात. मध्यस्थ कंपन्या त्यांना कामे वाटतात. एक प्रश्न आणि त्याचे उत्तर समोर येते. विचारणाऱ्याची गरज पूर्ण भागली, बरीचशी भागली, थोडी भागली की मुळीच भागली नाही, हे पायऱ्यापायऱ्यांनी सांगायचे. या तपासणीची मार्गदर्शिका गूगलने 2015 साली सर्वांसाठी खुली केली. ती दीडशेहून अधिक पानांची आहे. एकाच्या मताने एखादे पान वर चढत नाही की खाली घसरत नाही. हजारो मतांवरून गूगल आपल्या यंत्राची पारख करते.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि या मजुरीला नवा फाटा फुटला. यंत्राने दिलेली दोन उत्तरे शेजारीशेजारी ठेवायची आणि त्यांतले चांगले कोणते ते सांगायचे. त्याच्या आधीच्या प्रयोगात ओपनएआयने असे मत द्यायला सुमारे 40 माणसे नेमली होती, हे त्यांच्याच निबंधात आहे. हे वाचले, की मला 1770 मधला व्हिएन्नाचा तो बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक 'तुर्क' आठवतो. वरून यंत्र, आणि पोटात लपलेला माणूस! अॅमेझॉनने 2005 साली असली किरकोळ कामे वाटणारी सेवा काढली, तिला नावही त्या तुर्काचेच दिले. आजच्या यंत्राच्या पोटात कोणी बसलेले नाही हे खरे. पण त्याला शहाणपण शिकवायला बाहेर पुष्कळ माणसे बसली आहेत.

आणि त्यांत नागपूरचा माणूस कशाला हवा? तो हवाच. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात आमच्या घराघरांत जी सांबारवडी होते, तिच्यात कोथिंबिरीचे सारण असते. आता समजा, कोणी यंत्राला सांबारवडीची कृती विचारली आणि त्याने तुरीची डाळ शिजवायला लावून तीत चिंचेचा कोळ घातला, तर इडलीबरोबर सांबार खाणारा परगावचा मनुष्य त्या उत्तराला बरे गुण देऊन मोकळा होईल. ते उत्तर नापास आहे हे विदर्भातली कोणतीही गृहिणी एका नजरेत सांगेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालातून, इतवारीतून निघणारी काळी आणि पिवळी मारबत हा काय प्रकार आहे, हेही पुस्तके वाचून कळत नाही. त्यासाठी त्या गर्दीत एकदा धक्के खावे लागतात. म्हणजे विकले जाते ते नुसते मत नव्हे. त्यामागे असलेले या गावचे जगणे विकले जाते.

ही किंमत ओळखणारेही काही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा 2020 मधला एक निबंध नेमका मराठीवरच आहे. त्यांनी खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि महाविद्यालयीन विद्यार्थी अशा 36 जणांकडून 109 तासांचे मराठी वाचन ध्वनिमुद्रित करून घेतले. गरिबांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे निघाले, आणि हाताला चार जादा पैसेही लागले. याच खटपटीतून पुढे बंगळूरची 'कार्य' ही संस्था उभी राहिली. ती तासाला सुमारे 5 डॉलर देते, आणि तो आवाज पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्याला त्यात वाटा मिळावा अशी सोय ठेवते.

पण सगळीकडे असे नाही. आमच्या शेजारच्या सूनबाई दोन वर्षांपासून एका परदेशी कंपनीचे असे काम करतात. काय तपासता, म्हणून विचारले तर हसल्या. "काका, करारात अट आहे. उदाहरणं सांगता येत नाहीत." मिळकतीबद्दल मात्र मोकळेपणाने बोलल्या. काम मिळण्याआधी त्यांना जाडजूड पुस्तिका वाचून परीक्षा द्यावी लागली. तिचे पैसे मिळाले नाहीत, आणि द्यावेही लागले नाहीत. कामात मधूनमधून असे प्रश्न पेरलेले असतात, की ज्यांचे उत्तर कंपनीला आधीच ठाऊक असते. तिथे चुकले की काम कमी होते. म्हणजे नियामक आहेच, फक्त तो दिसत नाही. एखाद्या आठवड्यात बारा तास काम असते, एखाद्यात तीन. कधी पंधरा दिवस पडदा कोराच. "दुधाचं बिल निघतं, काका," त्या म्हणाल्या, "घराचा हप्ता नाही निघत."

मला वाटते, या धंद्याचे याहून नेमके वर्णन होणार नाही. ही वरकड मिळकत आहे, आणि ती वरकडच राहिली पाहिजे. ऑस्ट्रेलियातली अॅपेन ही या धंद्यातली बडी मध्यस्थ कंपनी. गूगलने जानेवारी 2024 मध्ये तिला करार संपवत असल्याचे कळवले आणि 19 मार्चला तो संपलाही. कंपनीची ही गत, तर तिच्या जिवावर घरात काम करणाऱ्याचे काय? आपल्याकडे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना कायद्यात नाव दिले, आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. पण घरच्या खोलीत बसून परक्या देशातल्या कंपनीला मत देणाऱ्या सूनबाईंवर तिची सावली पडायला अजून वेळ लागेल असे मला वाटते.

आता दुसरा ढीग. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांना मोबाइलवर निरोप आला : अमुक हॉटेलला नकाशावर पाच तारे द्या, दर कामाचे दीडशे रुपये. त्यांनी तारे दिले, पैसे आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग त्यांना टेलिग्रामवरच्या एका मंडळीत घेतले. तिथे जो तो आपल्या कमाईचे आकडे दाखवीत होता. ती सगळी मंडळी एकाच नाटक कंपनीची होती, हे पुढे कळले. नंतर 'आगाऊ भरणा' असलेली कामे आली : हजार भरा, तेराशे मिळतील. मिळाले. मग पाच हजार, मग पन्नास. पडद्यावर त्यांच्या नावे फुगत जाणारी शिल्लक दिसत होती; ती काढायला गेले, तर आधी कर भरा म्हणाले. ग्रॅच्युइटीची रक्कम गेली. शरमेपायी नऊ दिवस त्यांनी घरात तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्या नऊ दिवसांत पैसा कुठल्या कुठे गेला. "सुरुवातीले पैसे देऊन राहिले होते ना, म्हणून विश्वास बसला," एवढेच ते म्हणतात.

त्यांना हसू नका. केंद्रीय गृहमंत्रालयाने डिसेंबर 2023 मध्ये असल्या फसव्या अर्धवेळ नोकऱ्यांची शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद करवली. निवृत्त नोकर, स्त्रिया आणि बेकार तरुण हेच या टोळ्यांचे लक्ष्य असते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. म्हणजे ज्यांना दुधाच्या बिलाची काळजी असते, तीच माणसे.

ठगांनी आमिष म्हणून मत देण्याचेच काम का निवडले असेल? कारण ते सोपे वाटते. मत तर प्रत्येकापाशी असते! पण दोन्ही ढीग शेजारी ठेवून पाहिले, की फरक दिसतो. खऱ्या कामात आधी परीक्षा असते आणि मागाहून पैसा; खोट्या कामात आधी पैसा येतो आणि परीक्षा मागाहून होते. खऱ्या कामात विचार करावा लागतो, चूक निघते, कंटाळा येतो. न पाहिलेल्या हॉटेलाला पाच तारे द्यायला कसला विचार लागतो? आणि ठग नसता, पैसे खरोखरच मिळाले असते, तरी न जेवलेल्या जेवणाची तारीफ ही खोटी साक्षच. भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक केले, ते अशा विकाऊ अभिप्रायांना आळा बसावा म्हणूनच.

तेव्हा दिवाळीच्या सुटीत ज्यांना हे काम शोधायचे असेल, त्यांनी खुशाल शोधावे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून अर्ज करावा. अनोळखी निरोपावरून करू नये. नोंदणीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा स्वतःचेच पैसे काढण्यासाठी कोणी एक रुपया मागितला, की तिथेच उठावे. आपले बँकेचे खाते कोणाला भाड्याने देऊ नये. त्यातून दुसऱ्याचे लुटलेले पैसे फिरतात आणि पोलीस आपल्या दारी येतात. मिळकत विवरणपत्रात दाखवावी. आणि फसवणूक झालीच, तर त्याच घटकेला 1930 या क्रमांकावर फोन करावा. पैसा जागच्या जागी अडवता येतो तो पहिल्या काही तासांतच. शरमेला नऊ दिवस देण्याइतकी सवड त्यात नसते.

घरात कोणी असे फसले असेल, तर त्याला रागावण्याचे काम मागाहून करावे. आधी फोन लावून द्यावा.