मीटिंग कमी करा, कागद फिरवा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी कागद फिरवायची पद्धत करून दाखवली आहे. व्हिडिओत हात जास्त चालतात, बोलायला वेळ कमी मिळतो. म्हणून "हे का करायचं" तो भाग इथे सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. दुकानात काही नवीन डिझाइन करायचं असेल, मग तो बॉक्स असो, रॅक असो, काउंटरची मांडणी असो की दिवाळीचं हॅम्पर, तर सगळ्यांना गोळा करून "बोला, काय करूया?" असं विचारू नका. प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद द्या. चित्र काढू द्या. पाच मिनिटांनी तो कागद शेजारच्याकडे सरकवा. तोंड बंद, पेन चालू.

आता तुम्ही म्हणाल, मीटिंगमध्ये काय वाईट आहे? बघा, आपल्याकडची मीटिंग कशी होते ते आठवा. शटर अर्धं खाली, चहा आलाय, मालक खुर्चीत, बाकीचे स्टुलावर नाहीतर उभे. मालक म्हणतो, "मला वाटतं लाल बॉक्स करूया, वर खिडकी ठेवूया. तुमचं काय मत?" आता मत कोण देणार? मालक म्हणेल ती पूर्व दिशा. काउंटरवरचा सीनियर मुलगा म्हणतो, "लालच बरा दिसेल." दुसरा मान हलवतो. पॅकिंगच्या मावशींना पक्कं माहीत असतं की खिडकीचं प्लास्टिक दाबलं की सुटतं, पण त्या घड्याळाकडे बघत असतात, कारण त्यांची शेवटची बस साडेआठची असते. पाचांमुखी परमेश्वर म्हणतात. आपल्या मीटिंगमध्ये माणसं पाच असतात आणि मुख एकच.

हा फक्त आपल्या दुकानांचा प्रश्न नाही बरं का. 'ब्रेनस्टॉर्मिंग' हा शब्द ज्यांनी जगभर नेला ते ॲलेक्स ऑस्बॉर्न जाहिरात क्षेत्रातले. बीबीडीओ या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'ओ' म्हणजे तेच. १९५३ साली त्यांचं 'अप्लाइड इमॅजिनेशन' पुस्तक आलं आणि सगळी ऑफिसं एकत्र बसून कल्पना ओरडायला लागली. पाचच वर्षांनी, १९५८ मध्ये, येल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून बघितलं. चार जण एकत्र बसवले, आणि दुसरीकडे चार जण वेगवेगळे बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगवेगळे बसलेल्यांच्या कल्पना जास्त भरल्या. पुढे १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी याचं मोठं कारण दाखवलं, आणि ते अगदी साधं आहे. एक जण बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं. थांबता थांबता आपल्या डोक्यातलं निसटतं, किंवा "जाऊ दे, आता काय सांगायचं" होतं.

मग थांबायचंच नसेल तर? सगळ्यांनी एकाच वेळी कागदावर काम करायचं. १९६८ साली बर्न्ड रोरबाख या जर्मन गृहस्थांनी ६-३-५ नावाची पद्धत मांडली. ६ जण, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटं, मग कागद पुढे. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना. ऐकायला भारी वाटतं, पण ती लिहायची पद्धत आहे. आणि आपल्या दुकानात लिहिणं हीच पहिली अडचण. मावशींना सही येते, परिच्छेद लिहायचा म्हटलं की पदर सावरायला लागतात. मिठाईचा कारागीर उत्तर प्रदेशातला, तो मराठी बोलतो पण लिहीत नाही. टेंपोवाले दादा हिशोब तोंडी करतात. अशा टीमला "तुमचे विचार लिहून द्या" म्हणणं म्हणजे जे शिकलेले आहेत त्यांनाच परत माइक देणं.

म्हणून मला दुसरी पद्धत जास्त आवडते. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत जामी शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इंजिनिअरिंग डिझाइनसाठी तयार केली. आधी तिचं नाव होतं ५-१-४ जी: ५ माणसं, प्रत्येकाचं १ डिझाइन, ४ वेळा कागद पुढे, आणि 'जी' म्हणजे ग्राफिकल, चित्रातून. नंतर तिला सी-स्केच म्हणायला लागले. नियम एवढेच. बोलायचं नाही. दुसऱ्याच्या चित्रात भर घालायची, बदल करायचा, एखादा भाग खोडायचा, सगळं चालेल. पण पूर्ण चित्र रद्द करायचं नाही. चार फेऱ्यांनी तुमचा कागद तुमच्याकडे परत येतो तेव्हा त्यावर पाच जणांचा हात फिरलेला असतो.

आमच्या दुकानातलं उदाहरण देते. आमचं दुकान खाऊचं. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि मिस्टर बघतो. दिवाळीला परदेशात फराळ पाठवणारे कस्टमर वाढले, त्यामुळे न मोडता पोचेल असा बॉक्स हवा होता. कागदाच्या वर मी एकच ओळ लिहिली: "चकली अख्खी पोचली पाहिजे." पाच जण बसवले. पहिल्या फेरीला सात मिनिटं, पुढच्या चार फेऱ्यांना पाच-पाच. एकूण २७ मिनिटं.

पाच कागद फिरले. त्यातला एक कसा फिरला ते सांगते.

पॅकिंगच्या ताईंनी नेहमीसारखा चौकोनी बॉक्स काढला, आत खण. कागद सोऱ्यावर बसणाऱ्या मावशींकडे गेला. त्यांनी चकलीच्या खणात एकावर एक गोल काढले, बांगड्या रचतात तशी चकल्यांची रास. मग तो काउंटरच्या मुलाकडे आला. त्याला त्या चकल्या वाटल्याच नाहीत. त्याला वाटलं, मावशींनी नळकांडं काढलंय. तो बॅडमिंटन खेळतो, त्यामुळे त्याने त्यावर झाकण काढून सरळ शटलकॉकचा डबा केला! पुढे टेंपोवाले दादा. त्यांनी वरची दोरीची मूठ काट मारून उडवली, "वरची बाजू" दाखवणारा बाणही उडवला, आणि बॉक्स आडवा, तिरका, उलटा असा तीनदा काढला. म्हणजे बाण कोणी वाचत नाही, माल कसाही पडतो. शेवटी अकाउंट्स बघणारी मुलगी. तिने बॉक्स वरून दाबून चपटा केला आणि बाजूला आकडे टाकले.

ते आकडे समजून घ्या, परदेशी माल पाठवत असाल तर कामाला येतील. बऱ्याच कुरिअर कंपन्या बॉक्सचं वजन आणि आकारमान यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, हा त्यांचा नेहमीचा हिशोब. ३० × ३० × २० चा बॉक्स म्हणजे ३.६ किलो, आत माल दोन किलोचा का असेना. तोच ३० × २५ × १२ केला तर १.८ येतात, मग पैसे खऱ्या वजनाचेच. ही मुलगी दर महिन्याला कुरिअरची बिलं तपासते. बॉक्सबद्दल तिला कोण विचारणार होतं?

त्या कागदावरून शेवटी जे निघालं ते असं: चपटा बॉक्स, चकल्या गोल कागदी नळकांड्यात (आत फूड-ग्रेड पिशवी), नळकांडी आडवी, आणि मधल्या फटींमध्ये चिवड्याची पाकिटं कोंबलेली. चिवडाच उशी. थर्माकोल नाही, बबल रॅप नाही. बेसन लाडवाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. चांगला दाणेदार लाडू अजूनही एखादी कड सोडतोच. असो.

यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती त्या मुलाची गफलत. मावशींनी रास काढली, त्याला नळी दिसली. मीटिंग असती तर मावशी म्हणाल्या असत्या, "अरे, त्या चकल्या आहेत," आणि विषय संपला असता. बोलायचं नाही हा नियम अशा वेळी कामाला येतो. ओबडधोबड चित्रात प्रत्येकाला आपल्या हातातलं काम दिसतं. जामी शाह आणि मंडळींनीही हाच मुद्दा मांडलाय, की चित्राचा वेगळा अर्थ लागणं हा या पद्धतीत तोटा नसून फायदा आहे.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार: "मॅडम, आम्हाला चित्र येत नाही." अहो, तुमच्या गल्लीतला सुतार बघा. कानावरची पेन्सिल काढून प्लायच्या तुकड्यावर कपाट काढून दाखवतो. टेलर बिलाच्या मागे गळा काढतो. गवंडी विटेच्या तुकड्याने जमिनीवर जिना काढतो. यातला कोणी आर्ट स्कूलला गेलाय? चौकोन, गोल, रेघ, बाण एवढं आलं की झालं. उलट टीममध्ये कोणाची चित्रकला फारच छान असेल तर त्याला जाड मार्कर द्या. सुंदर चित्रावर दुसरा माणूस काट मारायला घाबरतो.

याच कारणासाठी सुरुवातीलाच एआयकडून किंवा डिझायनरकडून चकाचक फोटो बनवून स्टाफला दाखवू नका. तयार दिसणाऱ्या गोष्टीला लोक "छान आहे" म्हणतात, दुसरं काही म्हणत नाहीत. डिझायनर लागतोच, त्याचं काम मोठं आहे, पण तो या कागदांनंतर. आणि बॉक्सवाल्याकडे कटिंगची डाय टाकायच्या आधी तर हे हवंच. डाय पडली, कमीत कमी ऑर्डरचा माल छापला, की मग मावशींचं म्हणणं कितीही खरं असो, ते ऐकायला खिशात पैसे उरत नाहीत. मधे एक पायरी ठेवा: निवडलेल्या चित्राचा जुन्या पुठ्ठ्याचा डमी कापा, त्यात खरा माल भरा, आणि टेबलावरून खाली टाका. लेबलची जागाही तेव्हाच बघा. एफएसएसएआयचा लायसन्स नंबर, निव्वळ वजन, घटक, तारीख, हिरवा ठिपका, एवढं सगळं कुठे बसणार ते चित्रात कोणी काढत नाही.

मालकाने खेळात बसायचं का? माझं स्पष्ट मत: पहिल्या वेळी नाही. तुमची रेघ सगळे ओळखतात. तुमच्या चित्रावर काट मारायची हिंमत टेंपोवाले दादासुद्धा करणार नाहीत. तुम्ही घड्याळ सांभाळा, कस्टमर सांभाळा. दोन-तीनदा झालं, लोक मोकळे झाले, की मग बसा, आणि सगळ्यांकडे एकसारखे निळे पेन असू द्या. पण शेवटचा निर्णय मात्र तुम्हीच घ्या. मतदान वगैरे मला पटत नाही. पैसे तुमचे लागणार, माल पडून राहिला तर गोडाऊन तुमचं भरणार. कोणता कागद घेतला आणि बाकीचे का नाही, हे पाच वाक्यांत सगळ्यांसमोर सांगा, बास.

आता जरा कडू बोलते. स्टाफकडून कल्पना घ्यायच्या आणि दिवाळीनंतर कस्टमरला सांगायचं "मी असा बॉक्स काढला", हे आपल्याकडे सर्रास चालतं. असं एकदा झालं की पुढच्या वेळी कागद कोरे परत येतात. माणसं बोलत नाहीत, पण हिशोब ठेवतात. म्हणून माझ्या तीन अटी आहेत. ही अर्धा तासाची बैठक ड्युटीच्या वेळेत घ्या, शटर पडल्यावर फुकट थांबवून नाही. ज्या कागदातून वस्तू बनली त्यावरची पाचही नावं दुकानात लावा, निदान आतल्या भिंतीवर. आणि ती वस्तू विकली गेली तर बोनसच्या पाकिटात त्याचे वेगळे पैसे दिसू द्या, किती ते तुमच्या धंद्याप्रमाणे, पण वेगळे दिसले पाहिजेत. ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं की काही मालकांचे चेहरे पडतात. "मग परवडत नाही," म्हणतात. डिझायनरचं बिल परवडतं ना? मग हेही परवडेल.

सगळीकडे ही पद्धत लावत बसू नका. किंमत किती ठेवायची, उधारी कोणाला द्यायची, हे चित्रातून सुटत नाही. लोगोसाठीही मी वापरत नाही. पाच जणांचा लोगो म्हणजे मिसळीत श्रीखंड. जिथे वस्तू हातात घेतली जाते, उचलली जाते, रचली जाते, पुसली जाते, तिथे वापरा. तुम्ही एकटेच दुकान चालवत असाल तर ए-फोर कागदाच्या आठ घड्या करा आणि आठ मिनिटांत आठ चित्रं काढा. 'क्रेझी एट्स' नावाने हे प्रसिद्ध आहे. मग तो कागद माल देणाऱ्याला, घरच्यांना, नेहमीच्या दोन कस्टमरना द्या, आणि प्रत्येकाला त्यावर काट मारायला सांगा.

एक छोटी गोष्ट राहिली. नाकारलेले कागद फेकू नका. तारीख टाकून फाइलला लावा. आमच्या त्या दिवशीच्या पाचपैकी एका कागदावर मावशींनी बॉक्सच्या झाकणालाच ताटलीसारखे खण काढले होते. परदेशी कुरिअरला ते बसलं नाही, पण इथल्या ऑफिसांना फराळ देतो तिथे नक्की चालेल असं दिसतंय. त्याचा पुठ्ठ्याचा डमी पुढच्या व्हिडिओत कापून दाखवते. तोपर्यंत तुमचे कागद फिरवा आणि फोटो पाठवा, खाडाखोडीसकट.